कमाटीबागेचं फाटक आणि राजवाड्याची भिंत

वडोदरा शहरात गायकवाडांनी घडवलेली दोन मोठी हिरवी आवारं आहेत. एक सयाजीबाग, जिला जुने बडोदेकर अजून कमाटीबागच म्हणतात. तिचं क्षेत्र सुमारे 113 एकर. दुसरं लक्ष्मीविलास राजवाड्याचं आवार, मुळात सातशे एकरांच्या घरातलं आणि आज पाचशेच्या आसपास उरलेलं. दोन्हींमध्ये जेमतेम दोन-तीन किलोमीटरचं अंतर. दोन्ही एकाच काळात आकाराला आली आणि दोन्हींमागे एकाच संस्थानाचा महसूल होता. पहिल्याचं फाटक 1879 पासून येईल त्याला उघडं आहे. दुसऱ्यात तिकीट काढून, ठरलेल्या वेळेत, ठरलेल्या वाटेने जाता येतं. नाहीतर तिथल्या लग्नाचं आमंत्रण लागतं किंवा गोल्फ क्लबचं सदस्यत्व.

पर्यटक म्हणून बडोद्याला जाणारा मराठी माणूस बहुधा दुसरं आवार बघतो, दरबार हॉलपुढे फोटो काढतो आणि पहिल्यात मुलांना तासभर खेळायला सोडतो. माझं म्हणणं असं की या दोन्ही आवारांकडे एकत्र पाहिल्याशिवाय राजेशाही बागांचं आज काय करायचं, या प्रश्नाचं उत्तर मिळणार नाही. सयाजीबाग लोकांची आहे, पण सोयींच्या नावाखाली ती भरत चालली आहे. तिला आपल्याच हौसेपासून वाचवायला हवं. राजवाड्याची जमीन खासगी आहे आणि ती तशी राहायला माझी हरकत नाही, पण तिच्यावर लोकांचाही काही हक्क आहे. तो हक्क मागण्याची लाज वाटण्याचं कारण नाही.

आधी बाग कशी झाली ते पाहू. 1875 मध्ये मल्हारराव गायकवाडांना इंग्रजांनी गादीवरून दूर केलं. त्याआधी बडोद्याचा पैसा कुठे जात होता, हे लोक अजून सांगतात. आधीचे महाराज खंडेराव यांनी मोत्यांचा गालिचा करवून घेतला, चांदीच्या तोफा ओतवल्या. मल्हाररावांनी त्यापुढे जाऊन सोन्याच्या ओतवल्या. मग महाराणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावच्या शेतकरी कुटुंबातला गोपाळ नावाचा मुलगा दत्तक घेतला आणि तो सयाजीराव तिसरे म्हणून गादीवर बसला. 1879 मध्ये बाग झाली तेव्हा महाराज सोळा वर्षांचे होते. राज्याची पूर्ण सूत्रं त्यांच्या हाती 1881 च्या अखेरीला आली. तोवर कारभार पाहत होते दिवाण सर टी. माधवराव, कुंभकोणमला जन्मलेले, तंजावरकडच्या मराठी घराण्यातले, त्रावणकोर आणि इंदूरची दिवाणगिरी करून आलेले.

हा तपशील मी मुद्दाम सांगतो. कमाटीबागेला आपण ‘महाराजांची देणगी’ म्हणतो आणि तिथेच थांबतो. देणगी म्हटलं की घेणारा उपकृत होतो, आणि उपकृत माणूस हिशेब विचारत नाही. खरं पाहता ती बाग एका बदललेल्या कारभाराचा भाग होती. तोफांवर जाणारा पैसा रस्ते, शाळा, दवाखाने यांच्याकडे वळला, त्याच ओघात ती आली. पुढे सयाजीरावांनी ती दिशा सोडली नाही. शहराला पाणी पुरवणारं आजव्याचं सरोवर झालं. 1893 मध्ये अमरेलीत सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला आणि 1906 मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू झाला. 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून गावोगाव वाचनालयं उभी करण्याचं काम हाती घेतलं गेलं. पाणी, शाळा, वाचनालय आणि बाग ही एकाच यादीतली कामं होती आणि ती रयतेच्या साऱ्यातून होत होती. त्या बागेवर बडोदेकरांचा हक्क आहे तो त्यांच्या पणज्यांनी भरलेल्या पैशाचा.

उघड्या फाटकाची किंमत काय असते, हे बडोद्याच्याच एका घटनेतून कळतं. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1917 मध्ये करारानुसार बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. शहरात त्यांना राहायला जागा कुणी देईना. एका पारशी धर्मशाळेत ते पारशी नाव सांगून राहिले. थोड्याच दिवसांत काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडायला सांगून गेला. दोन मित्रांकडे त्यांनी आसरा मागितला, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनी आपापल्या अडचणी सांगितल्या. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले तास घालवायला ते कमाटीबागेत जाऊन बसले. आपल्या आठवणींत त्यांनी स्वतः हे लिहून ठेवलं आहे.

बागेने त्यांना न्याय दिला असं मी म्हणणार नाही. न्याय द्यायचा होता शहराने, संस्थानाने आणि त्या दोन मित्रांनी, आणि तिघेही कमी पडले. पण परदेशी विद्यापीठाची पदवी, दरबारी नोकरी आणि महाराजांची मर्जी असूनही ज्या माणसाला त्या शहरात एक खोली मिळाली नाही, त्याला बसायला जागा होती ती फक्त तिथे. तिथे शिरताना त्याला जात विचारली गेली नाही, नाव विचारलं गेलं नाही, कुणाची चिठ्ठी मागितली गेली नाही. सार्वजनिक बाग म्हणजे काय याची याहून नेमकी व्याख्या मला माहीत नाही. ज्या वडाखाली ते बसले असं मानतात, त्या वडाला आणि परिसराला आज संकल्पभूमी म्हणतात, दरवर्षी 23 सप्टेंबरला तिथे लोक जमतात. राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाने ती जागा राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक म्हणून घोषित करावी अशी शिफारस 2022 मध्ये केली. स्मारक जरूर व्हावं. पण स्मारक म्हणजे संगमरवर, कठडे, दिवे आणि सुरक्षारक्षक असं आपल्याकडे समीकरण झालं आहे. तसं इथे होऊ देऊ नये. ज्या जागेचं मोल ती मोकळी होती यातच आहे, तिथे एखाद्या दमल्याभागल्या माणसाला कुणी न हटकता बसता आलं पाहिजे.

आता बागेत आज काय आहे ते बघा. प्रवेशाजवळ सयाजीरावांचा अश्वारूढ पुतळा, ज्याला सगळं शहर काळा घोडा म्हणतं. आत बडोदा म्युझियम, त्याची इमारत 1894 ची, शेजारी चित्रसंग्रहालय. म्युझियममध्ये इजिप्तची ममी आहे, अकोट्याला सापडलेल्या जैन कांस्यमूर्ती आहेत आणि महीच्या मुखाशी वाहत आलेल्या निळ्या देवमाशाचा अवाढव्य सांगाडा आहे, ज्याच्यापुढे मुलं आजही तोंडाचा आ करून उभी राहतात. शिवाय प्राणिसंग्रहालय, तारांगण, मोठं फुलांचं घड्याळ, बँडस्टँड आणि मुलांची छोटी आगगाडी. पहिली छोटी आगगाडी मुळात राजवाड्यातल्या राजपुत्रासाठी 1941 च्या सुमारास आणलेली. राजवाडा ते शाळा अशी ती धावायची. पुढे ती बागेला मिळाली. राजपुत्राच्या गाडीत तांबटवाड्यातली आणि वाडीतली मुलं बसली, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. आता नवी गाडी आली आहे.

यातली एकेक गोष्ट घेतली तर वाईट काहीच नाही. म्युझियम हवं, तारांगण हवं, पक्षिघर हवं. अडचण बेरजेची आहे. जी जी सोय आली ती 113 एकरांतूनच आपली जागा काढून घेऊन आली. तिच्यामागे तिकीटघर आलं, कुंपण आलं, वाहनतळ आला, खाण्याच्या टपऱ्या आल्या, पेव्हर ब्लॉक आले, आणि त्यातली कुठलीच गोष्ट परत गेली नाही. बागेत भर घालणारे नगरसेवक, अधिकारी, दानशूर लोक यांच्या हेतूंबद्दल मला शंका नाही. पण त्यांच्यापैकी कुणाच्याही कामाच्या अहवालात ‘यंदा काही बांधलं नाही’ हे वाक्य कर्तबगारी म्हणून येऊ शकत नाही. उद्घाटन इमारतीचं होतं. हिरवळ जशीच्या तशी राखली म्हणून कुणी कोनशिला बसवत नाही. म्हणून सार्वजनिक बागेला चांगल्या माणसांच्या उत्साहाविरुद्धही कायद्याचं कुंपण लागतं.

असा कायदा आपल्या देशात आहे. बंगळुरूच्या कब्बन पार्क आणि लालबागेसाठी कर्नाटकाने 1975 मध्ये उद्यान संरक्षण कायदा केला. हैदर अलीने सुरू केलेली आणि टिपूने वाढवलेली लालबाग आज शहराच्या मधोमध टिकून आहे, त्यात या कायद्याचा वाटा मोठा. त्याला वळसा घालायचे प्रयत्न होतात, लोक कोर्टात जातात, रस्त्यावर येतात. पण निदान त्यांच्या हातात एक कागद असतो. कमाटीबागेची सीमा, तिच्यातली आजची बांधकामं आणि यापुढे एक वीटही नाही, एवढं सांगणारा अडीच पानांचा कायदा गुजरातच्या विधानसभेने केला तर बाग पुढची शंभर वर्षं निभावून नेईल. जुनं एखादं बांधकाम मोडकळीला आलं तर त्या जागी नवं न बांधता माती आणि झाडं परत यावीत, हेही त्यात असावं.

प्रवेशशुल्काबद्दलही इथेच बोलून घेतो. प्राणिसंग्रहालयाला तिकीट आहे, ते ठीक. बागेला लावू नये. दहा रुपयांनी काय होतं असं विचारणारे लोक तिथे रोज येणाऱ्यांकडे नीट पाहत नाहीत. दुपारी झाडाखाली डबा खाणारे मजूर, स्पर्धापरीक्षेची पुस्तकं घेऊन बसलेली मुलं, दवाखान्यातल्या रुग्णाचे नातेवाईक, घरात जागा नाही म्हणून बाहेर पडलेलं म्हातारं जोडपं. यांना रोजचे दहा रुपये जड आहेत. त्याहून मोठी गोष्ट अशी की तिकीट लागलं की फाटकावर माणूस बसतो आणि आत कोण यावं हे तो ठरवायला लागतो.

विश्वामित्री नदीचा विचार केल्याशिवाय या दोन्ही आवारांचं बोलणं पुरं होत नाही. पावागढाकडून येणारी ही नदी कमाटीबागेला लागून वाहते आणि राजवाड्याच्या आवाराचाही काठ तिला आहे. नदीत मगरी आहेत, भर शहरात, माणसांच्या शेजारी. पावसाळ्यात नदीची पातळी मोजली जाते ती काळा घोडा पुलापाशी आणि धोक्याची खूण आहे 25 फुटांवर. ऑगस्ट 2024 मध्ये पाणी त्या खुणेच्या कितीतरी वर गेलं. शहराचे मोठे भाग दिवसच्या दिवस पाण्यात राहिले, सोसायट्यांच्या आवारात मगरी निघाल्या. त्या पुरामागे पाऊस होता, आजव्याचं पाणी होतं, पण गेल्या काही दशकांत नदीच्या पात्रालगत झालेली भर आणि बांधकामंही होती. राष्ट्रीय हरित लवादाने 2021 मध्येच विश्वामित्रीच्या पूरक्षेत्राची आखणी करून तिथली अतिक्रमणं दूर करायला सांगितलं होतं.

नदीकाठची मोकळी माती पाणी पिते, थांबवते, हळूहळू सोडते. बागेतली आणि राजवाड्याच्या आवारातली जमीन म्हणजे शहराला फुकट मिळालेलं पूरनियंत्रण आहे. दोन्हींपैकी कुठेही सिमेंट वाढलं की त्याचं पाणी कुणाच्या तरी तळमजल्यात शिरणार आहे. राजवाड्याची जमीन ही केवळ मालकाची खासगी बाब आहे असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. मालकी कागदावर भिंतीपाशी थांबते, पाणी थांबत नाही.

आता त्या भिंतीच्या आत जाऊ. लक्ष्मीविलास राजवाडा चार्ल्स मँट याने आखला. कोल्हापूरकरांना हे नाव परकं नाही, त्यांचा नवा राजवाडा आणि टाऊन हॉल त्याचाच. मँट 1881 मध्ये वारला आणि रॉबर्ट चिझमने काम पुरं केलं. 1890 मध्ये राजवाडा तयार झाला. दरबार हॉलची व्हेनिसच्या धर्तीची मोझेक फरशी, बेल्जियमच्या रंगीत काचा, इटालियन शिल्पकार फेलिचीची शिल्पं, राजा रविवर्म्याची चित्रं हे सगळं खरोखर बघण्यासारखं आहे आणि ते राखणाऱ्या कुटुंबाचे आभारच मानले पाहिजेत. समाजमाध्यमांवर ‘बकिंगहॅमपेक्षा चौपट मोठा’ हे वाक्य फिरत असतं. मला त्याचा कंटाळा आला आहे. आपल्या राजाच्या घराची मोजदाद इंग्लंडच्या राजाच्या घराशी करून अभिमान वाटणार असेल तर तो अभिमान फार उथळ आहे. राजवाड्याबाहेर पसरलेली झाडी कुणी लावली, कशी लावली, आज ती कुणाच्या उपयोगाची आहे, हे विचारायला अधिक धीर लागतो.

ती आखली विल्यम गोल्डरिंगने. लंडनच्या क्यू उद्यानातून आलेला हा माणूस बडोद्याच्या उन्हाला, काळ्या मातीला आणि पावसाला समजून घेऊन वड, चिंच, कडुनिंब यांच्या सावलीत बाग बसवायला शिकला. आवारात नवलखी वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर आहे, 1405 सालची, म्हणजे गायकवाड बडोद्यात येण्याच्या तीनशेहून अधिक वर्षं आधीची. मोतीबागेचं क्रिकेट मैदान आहे. राजपुत्रांच्या शाळेची इमारत आहे, तिथे आता महाराजा फत्तेसिंह म्युझियम आहे. गोल्फचं मैदान आहे, सयाजीरावांचे नातू प्रतापसिंहराव यांच्या काळात युरोपियन पाहुण्यांसाठी तयार केलेलं. तिकीट काढून आत गेलेल्या माणसाला यातली एक अरुंद पट्टी दिसते. हेडफोन कानाला लावून तो दालनामागून दालन बघतो आणि बाहेर पडतो. त्या झाडांखाली तो चालू शकत नाही. सहाशे वर्षं जुनी वाव त्याच शहरात राहून कित्येकांनी आयुष्यात पाहिलेली नसते.

इथे आक्षेप येतो आणि तो साधार आहे. हे एका कुटुंबाचं घर आहे. 1949 मध्ये बडोदा मुंबई राज्यात विलीन झालं तेव्हा राज्याची मालमत्ता कोणती आणि खासगी कोणती हे ठरलं. 1971 मध्ये सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखेही गेले. त्यानंतर एवढी वास्तू राखायची म्हणजे छपराची दुरुस्ती, दगडाची डागडुजी, माळी, पहारेकरी, विजेचं बिल. सरकारकडून त्यासाठी तनखा नाही, मग लग्नं, गरबे आणि गोल्फ यातूनच पैसा उभा राहणार. जमिनीला सोन्याचा भाव असताना पाचशे एकर मोकळे ठेवले हेच मोठं काम नाही का? आहे. मी ते मान्य करतो. सातशेचे पाचशे झाले हे खरं असलं, तरी शून्य झाले नाहीत, हेही तितकंच खरं.

आणि सरकारने ताब्यात घ्यावं, असं मी म्हणतच नाही. बडोद्यातल्याच इतर राजवाड्यांकडे बघा. मकरपुऱ्याचा राजवाडा वायुदलाकडे गेला, लालबागेतला प्रतापविलास रेल्वेच्या प्रशिक्षण संस्थेकडे. इमारती टिकल्या, झाडंही बऱ्यापैकी टिकली, पण शहराला दोन्हीकडे वाट नाही. नजरबाग राजवाडा खासगी राहिला आणि पाडला गेला. म्हणजे मालक सरकार असो वा खासगी, नुसत्या मालकीने ना जमीन वाचते, ना ती लोकांना खुली होते. खरी गरज आहे ती लिहून दिलेल्या, कोर्टात दाखवता येईल अशा वाटेची.

‘वाट’ हा शब्द मी शब्दशः वापरतो आहे. लंडनच्या रिचमंड पार्कची हकीकत यासाठी सांगण्यासारखी आहे. पहिल्या चार्ल्सने सतराव्या शतकात तिथली जमीन शिकारीसाठी भिंत घालून बंद केली, पण आसपासच्या लोकांच्या पायवाटा चालू ठेवल्या. पुढे दुसऱ्या जॉर्जची मुलगी अमेलिया हिच्याकडे त्या उद्यानाचा अधिकार आला आणि तिने सामान्यांना येणं बंद केलं. जॉन लुईस नावाचा स्थानिक बिअर-कारखानदार त्याविरुद्ध कोर्टात गेला आणि 1758 मध्ये जिंकला. न्यायाधीशांनी त्याला विचारलं, भिंतीत दरवाजा हवा की भिंतीवरून शिडी? त्याने शिडी मागितली. दरवाजाला कुलूप लागतं, मग किल्ली कुणाकडे असा प्रश्न येतो. शिडीला कुलूप लावता येत नाही. राजकन्येविरुद्धच्या या खटल्यात राजाची मालकी गेली नाही, उद्यान आजही राजघराण्याच्या नावाचं आहे. लोकांना चालायची वाट मिळाली आणि ती मेहेरबानी म्हणून मिळाली नाही.

फ्रान्समध्ये व्हर्सायचा महाल बघायला तिकीट लागतं, पण त्यामागचं विस्तीर्ण उद्यान रोज चालणाऱ्यांना फुकट खुलं असतं. तिथे क्रांती होऊन गेली होती, हे खरं. पण महाल आणि मैदान यांचा हिशेब वेगळा ठेवता येतो, एवढं तर त्यातून दिसतं. वास्तूला तिकीट असावं, चांगलं भरपूर असावं, तिच्या डागडुजीला तो पैसा लागतो. झाडीखालच्या वाटेला नसावं.

मालकाने हे का करावं? कारण त्याला बदल्यात काही देता येतं. ब्रिटनमध्ये जुन्या घराण्यांच्या वास्तू आणि जमिनींना वारसाकरातून सूट मिळते ती लोकांना ठरावीक दिवस आत येऊ देण्याच्या आणि वास्तू राखण्याच्या अटीवर. आपल्याकडे सूट आहे, अट मात्र नाही. 1961 च्या आयकर कायद्यात कलम 10 च्या 19-अ या उपकलमाने माजी संस्थानिकाच्या राहत्या एका राजवाड्याचं वार्षिक मूल्य करमुक्त केलं. कोट्याच्या राजवाड्याचा काही भाग संरक्षण खात्याला भाड्याने दिलेला होता, तरी संपूर्ण राजवाड्याला ही सूट लागू राहील असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये दिला. निकाल कायद्याच्या शब्दांना धरून आहे. माझा प्रश्न संसदेला आहे. राजवाडा हा देशाचा वारसा आहे म्हणून जर देश त्याच्यावरचा कर सोडतो, तर देशाच्या नागरिकाने महिन्यातून काही सकाळी त्या आवारात पायी फिरावं, इतकी अट घालायला काय हरकत होती?

लक्ष्मीविलासपुरतं बोलायचं तर एक करार पुरेसा आहे: राज्य सरकार, महानगरपालिका आणि मालक कुटुंब यांच्यातला, तीस-चाळीस वर्षांचा, नोंदणीकृत. मालकाने लिहून द्यावं की उरलेली मोकळी जमीन बांधकामासाठी विकली जाणार नाही, नदीकाठची पट्टी कधीच भरली जाणार नाही आणि सकाळचे दोन-तीन तास ठरलेल्या एका वाटेने लोक पायी जातील. सरकारने लिहून द्यावं की त्या जमिनीवर मालमत्ताकराचा भार पडणार नाही, वाटेचा झाडलोटीचा आणि पहाऱ्याचा खर्च महानगरपालिका उचलेल, जुन्या झाडांची निगा वनखात्याच्या मदतीने होईल. नवलखी वाव या वाटेवर असावी. राहत्या घराच्या खिडक्या वाटेपासून दूर राहतील अशी ती आखता येते, पाचशे एकरांत तेवढी जागा आहे. मगरींचं भय असेल तिथे नदीकडून अंतर राखावं. बडोदेकर मगरींच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत, त्यांना ते शिकवावं लागणार नाही.

लोक घाण करतील, झाडं तोडतील, हा शेवटचा आक्षेप. मला तो सगळ्यात जास्त लागतो, कारण त्यात एक जुना तिरस्कार आहे. कमाटीबागेत रविवारी संध्याकाळी येणारी गर्दी बघा. कागद पडतात, हे खरं. पण सुमारे दीडशे वर्षं लाखो पायांनी ती बाग तुडवली आणि तिथले जुने वृक्ष उभे आहेत. नजरबाग राजवाडा पाडायला गर्दी आली नव्हती. विश्वामित्रीच्या काठाला भर गर्दीने घातली नाही. मोठं नुकसान बहुतेक वेळा बंद दाराआड, नकाशावर सही करून होतं. उलट जिथे रोज माणसं चालतात तिथे एक झाड पडलं तरी दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारतं.

मराठी वाचकांना हे सांगण्याचं कारण साधं आहे. सयाजीरावांवर आपलं प्रेम आहे. त्यांच्या नावाने व्याख्यानमाला होतात, चरित्रं निघतात, आंबेडकरांना त्यांनी केलेल्या मदतीचा उल्लेख प्रत्येक सभेत होतो. बडोद्यात दांडियाबाजार, रावपुऱ्यातली मराठी कुटुंबं आजही त्या काळाशी नातं सांगतात. मग सयाजीरावांच्या नावाने जमणाऱ्या या मंडळींनी, मुंबई-पुण्यातल्यांनीही, एखादी मागणी करावी. पुतळा, तैलचित्र, भवन यांपेक्षा ही मागणी स्वस्त आहे: कमाटीबागेत यापुढे बांधकाम नको, बागेला तिकीट नको आणि राजवाड्याच्या आवारातून एक वाट हवी. कोल्हापूरकरांनीही आपल्या नव्या राजवाड्याच्या परिसराबद्दल, तिथल्या तळ्याबद्दल आणि झाडांबद्दल हाच प्रश्न विचारावा, कारण तिथेही वर कुटुंब राहतं, खाली संग्रहालय आहे आणि बाहेरच्या मोकळ्या जमिनीचं पुढे काय, हे शहराच्या विकास आराखड्यात ठळकपणे लिहिलेलं असायला हवं.

वडोदऱ्याचा विकास आराखडा पुन्हा तयार होईल तेव्हा हरकती आणि सूचनांसाठी मुदत दिली जाईल. त्या मुदतीत दोन्ही आवारांचे सर्व्हे क्रमांक लिहून, पूररेषेचा नकाशा जोडून, वाटेची आखणी दाखवून हजारभर अर्ज गेले पाहिजेत, गुजरातीत आणि मराठीतही. पहिला अर्ज करायला वास्तुरचनाकार, वकील आणि रोज बागेत फिरायला जाणारे चार लोक एवढे पुरेत.